हॉर्नचा फ्यूज

रविवारी सकाळी स्टिअरिंगखालचं झाकण उघडून मी हॉर्नचा फ्यूज उपसून काढला आणि उजेडाकडे धरला. निळ्या प्लास्टिकच्या आतली बारीकशी तार मधोमध तुटली होती. बायको म्हणाली, "एवढ्याशासाठी आठ दिवस हॉर्नशिवाय गाडी चालवलीत?"

चालवली खरी, पण ते दिवस काही वाईट गेले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी भाजीवाल्या मावशींची हातगाडी आडवी असते. एरवी मी लांबूनच हॉर्न दाबायचो आणि त्या मागे न बघताच ती सरकवायच्या. हॉर्न बंद पडल्यावर काच खाली करून म्हणावं लागलं, "मावशी, जरा बाजूला घेता का?" दोन दिवसांनी त्यांनीच विचारलं, "दादा, आज उशीर झाला?" इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. हॉर्न वाजत होता तोवर आम्हाला बोलायची गरजच पडली नव्हती.

मी नवा फ्यूज बसवला. हॉर्न दणक्यात वाजला आणि आपल्या हातानं काहीतरी दुरुस्त झाल्याचं समाधान दिवसभर पुरलं.

सोमवारी मावशींनी माझी गाडी लांबूनच ओळखून हातगाडी आधीच बाजूला घेतली होती. रस्ता मोकळा होता. मी तरीही थांबलो आणि काच खाली केली.