परग्रहावरची बोली

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. आणि तुम्हाला सांगून काही बदलेल, असंही वाटत नाही. तरी सांगतो.

मी पुण्यात डबिंगसाठी संवाद लिहितो. बाहेरच्या मालिका मराठीत आणतो. पडद्यावर नाव येत नाही — घरच्यांना एवढंच ठाऊक, की दादा टीव्हीचं काहीतरी काम करतो. मूळचा मी परभणीकडचा, पिंगळीचा. ऑफिसात हे फार सांगत नाही. माझं बोलणं मी इथं आल्या आल्याच घासूनपुसून घेतलं होतं.

एक मालिका आली, परग्रहावरच्या लोकांची. साहेब म्हणाले, "हल्ला करतात तेव्हा हे रानटी वाटले पाहिजेत. आणि थोडं हसूही यायला हवं." मी काय केलं असेल? आईचं बोलणं त्यांच्या तोंडी घातलं. 'कामून आलास', 'लय माजलास' — तसंच्या तसं. पुढं त्याच भागात त्यांची माणसांशी मैत्री होते. तिथं मात्र ते शुद्ध मराठी बोलू लागले. स्टुडिओत सगळे हसले. मीही हसलो.

आता वर्षा. माझी धाकटी बहीण, गंगाखेडला दिलेली. तिला असल्या मालिकांचं भारी वेड. स्वयंपाक उरकला की ती मोबाइल डब्याला टेकवून उभा करायची, पाहिलेल्या भागावर बोलायची आणि तो व्हिडिओ लोकांसाठी टाकायची. बघणारे मोजकेच. पण बोलायची कशी — एकदम खुलून!

त्या भागावरही ती बोलली. "पयल्या भागात ह्यांना तोंडच न्हाई, उजेडानं बोलायलेत. मंग आता तोंड कुठून आलं? बरं, आलं तर आलं. पण मारायला आले की आपल्यासारखं बोलायलेत, आन् गुणाचे झाले की पुस्तकासारखं. एकाच ग्रहावरचे हायत ना हे? मंग असं कामून?"

मी ते ऑफिसात पाहिलं, जेवणाच्या सुट्टीत. जेवण तसंच राहिलं. तिनं बरोब्बर बोट ठेवलं होतं — माझ्यावर, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं. गप्प बसता आलं असतं ना मला? पण नाही. मी खोट्या नावानं खातं उघडलं आणि खाली लिहिलं — अजून शब्द पाठ आहेत — "आधी स्वतःची भाषा सुधारा, मग दुसऱ्यांच्या चुका काढा. हे गावंढळ बोलणं ऐकवत नाही."

वाटलं, तेवढ्यावर संपेल. पण त्याखाली आणखी लोक आले. तिच्या बोलण्याच्या नकला करू लागले. मी माझं लिहिलेलं काढून टाकलं, तरी त्यांचं थांबेना. कुणाला थांबवणार होतो मी? आणि कोणत्या तोंडानं?

संध्याकाळी तिचा फोन आला. "दादा, तू टीव्हीच्या कामातलाच हायस. खरं सांग, माझं बोलणं कानाला टोचतं का रे?"

तेव्हाच सांगायचं होतं. ओठांवर आलंही होतं. मी म्हणालो, "जाऊ दे गं. कशाला नसत्या भानगडीत पडतीस."

'नाही टोचत' — एवढंही माझ्याच्यानं म्हणवलं नाही. तिनं सगळे व्हिडिओ काढून टाकले. पुन्हा कधी केले नाहीत.

यंदा भाऊबीजेला गंगाखेडला गेलो होतो. जेवताना भाची म्हणाली, "मामा, आमी उद्या पोखर्णीला जायलोत. येता का?"

वर्षा पोळी वाढता वाढता थांबली. "जायलोत नाही म्हणायचं. 'आम्ही जात आहोत.' म्हण बघू."

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मग मान खाली घालून तसं म्हणाली. पुन्हा म्हणाली — पहिल्यांदा अडखळली होती.

"आता बरोबर म्हणाली ना, दादा?" वर्षानं विचारलं.

मी म्हणालो, "हो. बरोबर."