भरल्या ताटावरून

डासांवर काम करते म्हटलं की लोक एकच प्रश्न विचारतात, "चावतात का हो?" चावतातच. बाकीचे किस्से पंगतीत सांगण्यासारखे नसतात, म्हणून ते साठत गेले. त्यातले बहुतेक आमच्या पीएचडीच्या गाईडचे. त्यांना आम्ही आपसांत नुसतं 'बाई' म्हणायचो.

*

बाई अस्सल पुणेरी, पेठेतल्या. त्यांच्या घरी गेलं की दारातच ऐकू यायचं, "चहा घेऊनच आला असाल." डासांच्या माद्यांना मात्र जावयासारखा आग्रह! रक्ताशिवाय त्यांची अंडी वाढत नाहीत, म्हणून रक्त पाजण्याला बाई 'डोहाळजेवण' म्हणत.

*

एकदा मी फळ्यावर लिहिलं, "आज चार वाजता डोहाळजेवण." ऑफिसमधल्या एक काकू नारळ आणि ब्लाउजपीस घेऊन हजर! "कुणाचं गं?"

बाईंनी डासांचा पिंजरा दाखवला. "सगळ्याच पहिलटकरणी आहेत. आधी कुणाची ओटी भरताय?"

*

आमच्या लॅबमधला प्रसाद फळमाश्या सांभाळायचा. एकदा त्यांच्या खाण्यातलं, अंड्यांसाठी प्रथिनं पुरवणारं यीस्ट संपलं, तर पठ्ठ्याने त्याऐवजी गूळ वाढवला. माश्या मजेत, अंड्यांचा पत्ता नाही. बाई म्हणाल्या, "अहो प्रसाद, नुसत्या गुळावर बारसं होत नाही."

*

तेव्हा आयटीची लाट होती. आमच्यातली वैशाली यवतमाळची, हुशार पोरगी. पण तिच्या डासांच्या माद्या रक्त पिऊनही अंडी घालेनात. हडपसरच्या एका कंपनीत तिची नोकरी ठरत आली होती, फक्त होकार कळवायचा होता.

"मॅडम, पीएचडी सोडतो मी. यायले अंडीच होत नाहीत, तर काय करू?"

बाईंनी एक मादी भिंगाखाली धरली. "केवढीशी आहे ही! अळ्यांना खायला किती घालत होतीस?"

"थोडंच. जास्त टाकलं की पाणी खराब होते ना."

"म्हणजे लहानपणी उपाशी राहिली. पहिलं जेवण हिच्याच अंगी लागलं. अंगात काही शिल्लक पडलं, तरच डोक्यातून अंडाशयाकडे हार्मोनचा निरोप जातो. हिला दुसऱ्यांदा रक्त वाढ."

कंपनीला उत्तर द्यायच्या दिवशी पिंजऱ्यातल्या ओल्या कागदावर काळी अंडी दिसली. वैशाली रडली, मीही रडले. बाईंनी स्वतःचा डबा उघडून, ताट वाढून तिला जेवायला बसवलं. हे आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

तेवढ्यात लॅबचा फोन वाजला. कंपनीचाच होता. वैशालीने रिसीव्हरवर हात धरला. "मॅडम, काय सांगू?"

बाईंनी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

"सांग, भरल्या ताटावरून उठत नाहीत."