श्यामलाबाईंच्या पेढ्यांची भानगड

नारायण पेठेत कुजबुज उठली ती अशी: शाळेतून निवृत्त झालेल्या श्यामलाबाई लेल्यांनी बासष्टाव्या वर्षी लोणी काळभोरच्या एका फेटेवाल्याशी गुपचूप लग्न उरकलं, आणि वर पेढेही वाटले! फेटा कसला, साधी टोपी होती. पण पेठेत बातमी जिना चढेपर्यंत टोपीचा फेटा होतोच.

आता माणूस होता, हे खरं. दत्तोबा. दर तीन महिन्यांनी त्यांची बुलेट दारात धडधडायची, बाई कडक इस्त्रीच्या साडीत मागे बसायच्या आणि समोरच्या गॅलरीत मंदाकिनीबाईंचा चहा गार व्हायचा.

जायचे कुठे? इस्पितळात. दोघांनाही रक्ताचा एकाच जातीचा कर्करोग. दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, त्यातून एक उपरं जनुक तयार होतं आणि पांढऱ्या पेशींचं रान माजवतं. रोजची गोळी त्याला वेसण घालते. ते रक्तात किती उरलंय, हे तपासणीत कळतं. बाईंचा आकडा लागोपाठ दोनदा चढला होता. गोळी निकामी झाली की काय, या धास्तीने त्यांची झोप उडाली होती. शेजाऱ्यांपाशी मात्र चकार शब्द नाही. "कळलं तर गव्हांकुराचा रस घेऊन रांग लावतील मेले!"

डॉक्टर उल्काने विचारलं, "गोळी चुकत नाही ना?"

"छे! जेवले की नेमाने घेते."

"आणि जेवला नाहीत तर?"

"सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी... उपासाला जेवणच नाही, तर जेवणानंतरची गोळी कशी घेणार?"

शेजारी बसलेले दत्तोबा खो खो हसले. "अवो मास्तरीणबाई, ती साबुदाण्याची खिचडी काय वारा हाय व्हय?"

"तुम्ही गप्प बसा. फराळ म्हणजे जेवण नव्हे."

"पोटाला इचारा की!"

"खिचडीवर घ्या, पण घ्या," उल्का म्हणाली. "त्या जनुकाला एकादशी नसते."

गोळीला दाद न देणारा नवा बदल जनुकात झालाय का, तेही तपासलं. नव्हता. मग तीन महिने बाईंनी खिचडीवरसुद्धा गोळी घेतली. रिपोर्ट हातात आला, तर बाई आधी पिशवीत चष्मा शोधत बसल्या.

"वाचा की! जीव घेता का माझा?" दत्तोबा ओरडले.

आकडा धाडकन खाली आला होता! बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि भर इस्पितळात दत्तोबांच्या पाठीत धपाटा घातला. परतताना बुलेट थेट मिठाईच्या दुकानाशी थांबली. संध्याकाळी अख्ख्या इमारतीत पेढे.

"कसले हो?" मंदाकिनीबाईंनी डोळे बारीक केले.

"खव्याचे," बाई म्हणाल्या आणि वरच्या मजल्यावर गेल्या.

लग्न झालं नव्हतं. पेढे रक्ताच्या रिपोर्टचे होते.