ट्रॅकसूटच्या आतला गोलकीपर

जगातल्या सगळ्या मॅनेजरांना जिंकायचं असतं. आमच्या जपानी मॅनेजरना मात्र कुणी बसून राहू नये, एवढंच हवं असायचं. आमची फुटबॉल टीम म्हणजे पुण्या-मुंबईकडून ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या टार्निटला येऊन स्थिरावलेले, पोट सुटलेले इंजिनियर आणि डॉक्टर. मी गोलकीपर, कारण त्यात कमीत कमी पळावं लागतं. सर शेजारच्याच रस्त्यावर राहायचे. एका रविवारी आमचा खेळ पाहून त्यांना बहुधा राहवलं नाही आणि ते आमचे मॅनेजर झाले. मैदानात पाऊल टाकण्याआधी ते मैदानाला कमरेत वाकून नमस्कार करत. सामना संपला की गाडीतून झाडू काढून ड्रेसिंग रूम झाडत, समोरच्या टीमने टाकलेल्या संत्र्याच्या सालींसकट. लाजेकाजेस्तव आम्हीही झाडू लागलो. हे कानावर गेलं तेव्हा माझ्या बायकोने त्यांना लगेच जेवायला बोलावलं. "सर, घरच्या ग्राउंडबद्दलपण दोन शब्द सांगा ना याला," ती म्हणाली.

आमच्याकडून ते एकच मराठी शब्द शिकले होते, 'ऊठ'. सामन्याची शेवटची वीस मिनिटं राहिली की बाकावरच्या एकेकाला 'ऊठ' म्हणून आत धाडायचे. एकदा आम्ही चक्क जिंकत होतो, तर त्यांनी आमच्या साठीच्या दंतवैद्यांना उतरवलं आणि आम्ही हरलो. मी चिडून कारण विचारलं. "तो दर रविवारी घरून बूट आणतो," सर शांतपणे म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या ट्रॅकसूटच्या आत कायम गोलकीपरचा पूर्ण पोशाख असे, खिशात हातमोजे. आम्ही त्यावरून त्यांची यथेच्छ थट्टा करायचो.

एकदा त्यांची गाडी बंद पडली म्हणून मी त्यांना घरी सोडत होतो, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. जपानमध्ये ते व्यावसायिक फुटबॉलपटू होते, राखीव गोलकीपर. पहिला गोलकीपर कधी आजारीच पडला नाही. "फार तंदुरुस्त माणूस," सर म्हणाले, आणि त्यात अजूनही थोडं दुःख होतं. सारी कारकीर्द बाकावर गेली, एकही सामना वाट्याला आला नाही. पण तिथे बसून खेळ इतका कळला की क्लबने पुढे त्यांनाच मॅनेजर केलं. मला आमच्या थट्टेची फार लाज वाटली.

यंदा वडील थकले म्हणून ते जपानला परत निघाले. त्यांच्या शेवटच्या सामन्यात मी ठरवून पोटरी धरून आडवा झालो. आता तरी सर स्वतः उतरतील, असा माझा हिशोब. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, सगळं ओळखलं, आणि बाकावर उरलेल्या एका नवख्या डॉक्टरला म्हणाले, "ऊठ." तो बॉल आला की डोळे मिटायचा. आम्ही हरलो. सरांनी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि झाडू आणायला निघाले.

मी लंगडायचं विसरून समोरच्या टीमच्या कॅप्टनकडे धावलो, त्याला सगळं सांगितलं आणि आणखी दहा मिनिटं खेळाल का विचारलं. "नो वरीज, मेट," तो म्हणाला. दोन्ही टीम पुन्हा मैदानात उभ्या राहिल्या. गोल रिकामा होता. मी सरांना हाताला धरून बाकावर बसवलं.

"सर, उठा," मी म्हणालो.

त्यांनी सावकाश ट्रॅकसूट काढला. हातमोजे चढवले. मग त्यांनी नमस्कार केला, पण या वेळी मैदानाला नाही, वळून त्या बाकाला. आणि ते धावत आत गेले.