टायपिंगवाल्या मावशींचा कॉम्प्युटर

माझ्या बायकोच्या मावशींइतकं हट्टी माणूस उभ्या कर्जत तालुक्यात नसेल, आणि त्यांच्या कॉम्प्युटरइतका म्हातारा कॉम्प्युटरही. तो सुरू करून मावशी आंघोळीला जातात. मग देवपूजा होते, कणीक भिजवून होते, तेव्हा कुठे पडद्यावर काहीतरी दिसू लागतं. मावशींनी कर्जतच्या बाजारपेठेत वर्षानुवर्षं टायपिंगचा क्लास चालवला. तालुक्यातले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेले, आणि त्यातले काही साहेब होऊन निवृत्त झाले तरी रस्त्यात मावशी दिसल्या की अजून पाठ ताठ करतात. फोनवर मराठी लिहा, असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाल्या, "फोनवर अंगठ्याने लिहितात, जावईबापू. अंगठा सही न येणाऱ्यांनी लावायचा असतो." नुसतं बोललं तरी फोन लिहून घेतो, हेही सांगून पाहिलं. "मी बोलायचं आणि त्याने लिहायचं? मग मी कोण, मामलेदार?"

मध्यंतरी हा कॉम्प्युटर बसला. दुरुस्तीवाल्याने तो पुन्हा उभा केला, पण जाताना सांगून गेला, "मावशी, तुमचं टायपिंगचं सगलं गेलं. आनि हा आता भंगारात पन कोन घ्यायचा नाय." लगेच मला फोन. "साधं लिहायचं काहीतरी त्यात टाकून द्या." मी खालापूरला राहतो, मोहोपाड्याच्या एका कारखान्यात आठवडाभर कॉम्प्युटरचीच दुखणी काढतो. रविवारी तेच करायला कर्जतला जायचं म्हणजे अगदी जिवावर यायचं. पहिल्या रविवारी नवा एडिटर, म्हणजे लिहायचा प्रोग्रॅम, उतरवून घेतला, तर 'तुमची सिस्टीम फार जुनी आहे' म्हणून तो अडून बसला. पुढच्या रविवारी त्याचीच एक जुनी आवृत्ती पेनड्राइव्हवर नेली. ती बसली, पण मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. मावशींनी चष्मा सावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "फरशी छान बसवलीत." त्याच्या पुढच्या रविवारी अक्षरं उमटली, पण कीबोर्डवर त्यांच्या जागा टाइपरायटरप्रमाणे हव्या होत्या! मी पार थकलो होतो. "मावशी, एवढं लिहायचंय तरी काय तुम्हाला?"

"काही नाही," मावशी म्हणाल्या.

अखेर जागा जुळल्या. मावशी ताठ बसल्या, नजर समोरच्या भिंतीवर ठेवून दोन्ही हात चालवू लागल्या. उजवा हात सुसाट निघाला. गेल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. डावा हात आता ठणठणीत आहे, असं त्या सगळ्यांना सांगत, आणि आम्हीही ते मानून चाललो होतो.

"कसं आलंय?" भिंतीवरची नजर न हलवता त्यांनी विचारलं.

छान म्हणावं असं वाटलं. पण निम्म्या तालुक्याच्या चुका काढलेल्या बाईला काय फसवणार? "डाव्या हाताची बरीच अक्षरं गळलीत, मावशी."

"हं." त्यांनी उजव्या हाताने डावी करंगळी उचलली आणि तिच्या कळेवर नेऊन ठेवली. "ही कुठे पडते, मला कळतच नाही. तेच बघायचं होतं. डॉक्टर हात वर करा म्हणतात, मूठ वळा म्हणतात. त्यातून मला काय कळणार?" मग म्हणाल्या, "तुम्ही निघा आता. रविवार गेला तुमचा."

मी दारापर्यंत गेलो, आणि चपला न घालता ओटीवरच्या खुर्चीत बसून राहिलो. आतून एक कळ वाजायची. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक.