पाटावरची वायर

आमच्या ह्यांनी नांदेडहून अंगठ्याएवढी जाड वायर आणली, तेव्हा मला वाटलं विहिरीच्या मोटारीसाठीच असेल. ती निघाली टेपच्या स्पीकरची. किंमत त्यांनी मला आधी पाणी पाजून मग सांगितली. तरीही मी खुर्ची धरली.

"जुन्या वायरीतून टाळ येऊन न्हाई राहिले. दुकानदार म्हनला, वायर बदला, आवाज लख्ख व्हतो," ते म्हणाले.

मला तर टाळ आधीही ऐकू येत होते, नंतरही तस्सेच. शेजारचे भाऊजी पोहे खाऊन "फरक हाय बरं का" म्हणून गेले. पोह्यांपुढं कोण नाही म्हणेल?

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे विळा-कुऱ्हाडीपासून घरात जे जे कामाचं, ते सगळं पुजतात. अंगणातल्या मळणीयंत्राला मी हळदी-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. एवढ्या मोलाची वायर तरी का उपाशी ठेवायची? हे आंघोळीला गेले तशी ती काढून पाटावर मांडली आणि भजन लागावं म्हणून जुनी सुतळीसारखी वायर परत जोडली.

हे आले, त्यांच्याच भजनी मंडळाची हट्टा गावी भरलेली टेप लावली, डोळे मिटले. त्या टेपमध्ये टाळ ह्यांचेच आहेत.

"ऐक, ऐक! टाळ कसे खणखणून राहिले! ह्याला म्हन्तेत वायर!"

मी पाटाकडे बघितलं. वायर कुंकू लावून देवापुढं वेटोळं घालून बसली होती. मला इतकं हसू फुटलं की आरतीचं ताट सांडलं. सांगितलं तर त्यांना खरं वाटेना. स्वतः कपाटामागं वाकून बघून आले. आता चिडणार, असं धरून मी पदर तोंडाला लावला.

ते खाली बसले.

"तुला ऐकू येतेत का टाळ?"

"येतात की. बराबर येतात."

"मला न्हाई येत. मागल्या दिवाळीपासून न्हाई. बोलनं येतं, टाळ न्हाई."

मी तोंडावरचा पदर काढला. "मग आता खणखणले म्हणालात ते?"

"कुठं कोनता टाळ पडतो ते ध्यानात हाय ना. उभी हयात म्याच वाजिवले." मग हळूच म्हणाले, "म्या म्हनलं, वायरीचाच दोष असंल."

एका घरात राहून, एका ताटात जेवून मला कळू नये? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, आणि मी नुसती किमतीवरून भांडत बसलेली. आणि रोग आला कुठून, ते तर दारातच उभं होतं. दर हंगामात सेनगावपर्यंत गावोगाव सोयाबीन काढायला ते मळणीयंत्र घेऊन जायचे, दिवसभर त्याच्या धडधडीला कान लावून उभे राहायचे. त्याच यंत्राला मी सकाळी ओवाळलं होतं. मला त्या हाराची किळस आली.

दसरा झाला आणि यंत्र पुन्हा निघालं. कमाई तीच, थांबवणार कशी? मी वातींचा कापूस घेतला आणि बोळे करून त्यांच्या कानात कोंबायला लागले.

"आता काहून? टाळ तर गेले."

"टाळ गेले," मी म्हणाले, "माझी बडबड तरी राहू द्या."

त्यांनी दुसरा कान पुढं केला.