धावत्या एसटीतली उडी

फाट्यावर गाडी थांबली तेव्हा शेजारच्या जागेवरची पिशवी मी सवयीने उचलून मांडीवर घेतली. रोज तिथे बसणारे सुदामभाऊ चढले नाहीत. कंडक्टर जवळ आला नि हळूच म्हणाला, "मास्तर, सुदामभाऊ आज पहाटे वारले. झोपेतच गेले म्हनतात." मी बरं म्हटलं. पिशवी पुन्हा त्या जागेवर ठेवली आणि वाशीम येईपर्यंत तिथेच राहू दिली. शाळेत गेलो, हजेरी घेतली, नववीला घर्षण शिकवलं. फाट्यावर उतरून त्यांच्या घरी जायला हवं होतं, हे मला शाळा सुटल्यावर सुचलं. महिना होऊन गेला... रडू अजून आलेलं नाही.

सुदामभाऊ वाशीमच्या एका कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचे. धम्मदीक्षेच्या साली वडिलांनी घरातले देव नदीत सोडले तेव्हा ते सातवीत होते. मॅट्रिकनंतर विज्ञान शिकायचं मनात होतं, पण नोकरी लागली आणि ते राहून गेलं. ते राहिलेलं शिक्षण त्यांनी एसटीत माझ्याकडून वसूल केलं. ब्रेक लागला की माणूस पुढे काहून जातो, भरलेली बैलगाडी एकदा चालू लागली की बैलाले हलकी काहून वाटते... स्कायलॅब पडणार म्हणून सारं गाव आभाळाकडे पाहत होतं, तेव्हा हे विचारतात, "पडन ते समजलं, मास्तर. पन इतके दिवस पडलं काहून नाही?" माझं उत्तर घरी जाऊन कागदावर उतरवून ठेवायचे.

कचेरीत त्यांची एक शिस्त होती. कोणी फाईल नेली की तिच्या जागी चिठ्ठी ठेवायची: कोणती फाईल, कोणाकडे, आणि खाली 'परत येणे बाकी'. फाईल आली की चिठ्ठी फाडायची. साहेब असो की शिपाई, चिठ्ठीशिवाय फाईल हलत नसे. मी एकदा थट्टा केली तर म्हणाले, "जागा रिकामी ठेवली तं मानूस इसरते, मास्तर. चिठ्ठी इसरू देत नाही."

मागच्या हिवाळ्यात त्यांनी विचारलं, "धावत्या गाडीत सरळ वर उडी मारली, तं मानूस खाली कुठं पडन?" मी पेपर वाचत होतो. म्हणालो, "थोडा मागे. तेवढ्यात गाडी पुढे सरकणार ना." बी.एस्सी. झालेला माणूस मी. सुदामभाऊ उठले, धोतर सावरलं आणि गाडी सरळ रस्त्याला लागल्यावर दोन्ही पायांनी उडी मारली. गाडीतले लोक हसले. ते मात्र पायाखाली पाहत होते. "जाग्यावरच उतरलो ना मी."

माझी चूक मला तिथेच कळली. पण पुढच्या बाकावर माझ्याच वर्गातल्या मुली बसल्या होत्या. "एवढ्याशा उडीत काय दिसणार? पुस्तकात आहे तेच खरं," मी म्हणालो. पुस्तकात तसं काहीही नव्हतं. ते "असन" म्हणून खाली बसले आणि पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. तो मी काढायला हवा होता. आज सांगायचंच, असं रोज फाटा येईपर्यंत ठरवायचो, पण ते शेजारी येऊन बसले की जीभ रेटत नसे. याची लाज मला तेव्हाही वाटत होती.

पंधरा दिवसांपूर्वी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी अनसूयाबाईंनी लाल कापडात बांधलेलं दप्तर पुढे ठेवलं. "हे मास्तरचं हाय म्हनत. तुमीच ठेवा आता." आत प्रत्येक प्रश्नाचा एक कागद, खाली माझं उत्तर, आणि सगळं लावून ठेवलेलं: पडणं वेगळं, घसरणं वेगळं, फिरणं वेगळं. उडीच्या प्रश्नाखाली मात्र माझं उत्तर नव्हतं. तिथे एक चिठ्ठी टाचलेली होती. 'उत्तर: मास्तरकडे. परत येणे बाकी.'

त्याच कागदावर मी लिहिलं, की उडी मारणाराही गाडीच्याच वेगाने पुढे जात असतो, म्हणून तो जागेवरच उतरतो. तुमचं बरोबर होतं, सुदामभाऊ, माझं चुकलं... सगळं चार ओळींत मावलं.

त्यांच्या शिस्तीप्रमाणे आता ती चिठ्ठी फाडायला हवी. पंधरा दिवस दप्तर टेबलावर उघडं आहे. चिठ्ठी मी फाडलेली नाही.